ज्यांचे कोणी नव्हते, त्यांची मंडळी

वऱ्हाडात अनोळखी मुलाला नाव विचारण्याआधी ‘कोनाचा रे तू?’ असे विचारण्याची रीत आहे, आणि या प्रश्नातील षष्ठी विभक्तीत मराठी समाजाची माणसाकडे पाहण्याची दृष्टी सामावलेली आहे. मूल कोण आहे हे ते कोणाचे आहे यावरून ठरते. वडिलांचे नाव, भावकी, जात, आळी, गाव अशी त्या उत्तराची वर्तुळे एकामागून एक उलगडत जातात, आणि ज्याच्याजवळ ती सगळी तयार असतात त्याला आपलेपणा ही मुद्दाम मिळवावी लागणारी गोष्ट आहे हे सहसा जाणवतही नाही. पौगंडावस्थेत, म्हणजे साधारण दहा ते एकोणीस या वर्षांत, मात्र हे तयार उत्तर मुलाला अपुरे वाटू लागते. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात असे मांडले की, या वयाचे मुख्य काम स्वतःची ओळख घडवणे हे असून ते साधले नाही तर मूल भूमिकांच्या गोंधळात सापडते. आईवडिलांनी दिलेली ओळख सैल झालेली आणि स्वतःची अजून घट्ट न झालेली, अशा त्या मधल्या काळात मुलाला घराबाहेरचे एखादे घर लागते, आणि बुलढाणा जिल्ह्यासारख्या भागात ख्रिस्ती मंडळ्यांचे तरुण संघ असे घर कसे देऊ शकतात आणि कोठे कमी पडू शकतात, हा या लेखाचा विषय आहे.

येथे दोन शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. मराठी ख्रिस्ती बोलीत ‘मंडळी’ या शब्दाचा अर्थ एकत्र उपासना करणाऱ्या श्रद्धावंतांचा समुदाय असा होतो. इमारतीला ‘मंदिर’ किंवा ‘चर्च’ म्हणतात, पण मंडळी म्हणजे माणसे. मंडळीच्या धर्मगुरूला प्रॉटेस्टंट परंपरेत ‘पाळक’ म्हणतात, कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या समितीला ‘वडील मंडळ’ म्हणतात, आणि मंडळीतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपासून अविवाहित तरुणांपर्यंत सर्वांना एकत्र आणणाऱ्या गटाला ‘तरुण संघ’ किंवा ‘युवक संघ’ असे नाव असते. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारच्या उपासनेनंतर तो जमतो.

बुलढाणा जिल्ह्याचे धार्मिक जीवन इतके भरलेले आहे की त्यात ही लहानशी रेघ सहज नजरेतून सुटते. शेगावला गजानन महाराजांचे संस्थान आहे, पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे, आंबेडकरी चळवळीने उभे केलेले बुद्धविहार गावोगाव आहेत, आणि गणेश मंडळांपासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळापर्यंत तरुणांना सामावून घेणारे अनेक मांडव आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांहून अधिक होती आणि तिच्यात ख्रिस्ती समाजाचा वाटा अत्यल्प होता. वर्गात एकटेच ख्रिस्ती असणे हा अशा जिल्ह्यातील ख्रिस्ती मुलाचा नेहमीचा अनुभव असणार हे यावरून उघड होते. वर्गातील इतर मुलांना सणाची सुट्टी मिळून जाते तेव्हा याला आपल्या सणाचा अर्थ समजावून सांगावा लागतो, आणि नावावरून धर्म न कळल्यास प्रश्न पुन्हा तोच येतो: तू कोणाचा?

या प्रश्नाशी वऱ्हाडातील मंडळ्यांचे नाते त्यांच्या जन्मापासूनचे आहे, आणि ते समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे जावे लागते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मागणी आली, खामगाव ही त्या व्यापाराची मोठी पेठ झाली, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा खुला झाला. समृद्धीच्या या चित्राची दुसरी बाजू अशी की, धान्याऐवजी कापूस पिकवणारा आणि मजुरीवर जगणारा मोठा वर्ग बाजारभावाच्या हवाली झाला. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात कापूस आणि दुष्काळ यांचे हे नाते सविस्तर उलगडले आहे. १८९६-९७ चा आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा या वर्गाजवळ ना धान्य होते ना काम, आणि मागे राहिली ती आईबाप गमावलेली किंवा पोटासाठी सोडून दिली गेलेली मुले.

वऱ्हाडात त्या वेळी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था काम करीत होती. ए. बी. सिंप्सन या कॅनडात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेल्या धर्मोपदेशकाने १८८७ मध्ये स्थापन केलेल्या दोन संस्थांच्या १८९७ मधील एकीकरणातून ती या नावाने उभी राहिली होती. मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे दांपत्य त्याआधीपासूनच वऱ्हाडात होते. जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेल्या आणि १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. दुष्काळात अलायन्सने मुलांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला अनाथालय चालवले. त्याच काळात रमाबाईंनी दुष्काळग्रस्त मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणून मुक्तिसदन उभे केले, आणि पूर्वी वऱ्हाडात अचलपूरला काम केलेल्या अल्बर्ट नॉर्टन यांनी दौंडला मुलग्यांसाठी निवासगृह काढले.

या घटनेचा समाजशास्त्रीय अर्थ फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. अनाथालयात वाढलेल्या मुलामुलींची पुढे परस्परांत लग्ने लावून देण्याची रीत त्या काळच्या मिशनांमध्ये सर्वत्र होती, आणि अशा लग्नांतून उभ्या राहिलेल्या कुटुंबांना आजोळ नव्हते, भावकी नव्हती, गावच्या शिवेवरचा देव नव्हता. सुईण, मामा, वऱ्हाडी, खांदेकरी ही सगळी नाती त्यांना मंडळीतूनच उसनी घ्यावी लागली. ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ हे ख्रिस्ती संबोधन इतरत्र केवळ धार्मिक शिष्टाचार असेल. खामगाव-अकोल्याच्या त्या पहिल्या पिढीसाठी ती उपलब्ध असलेली एकमेव भाऊबंदकी होती. वऱ्हाडातील मंडळी, निदान तिचा एक मोठा भाग, ‘कोनाचा रे तू?’ या प्रश्नाला उत्तर नसलेल्या मुलांनी घडवलेली आहे. हा वारसा अभिमानाचा असला तरी निष्कलंक नाही. अनाथालयांची शिस्त कठोर असे, मुलांचे मूळ गावाशी आणि उरल्यासुरल्या नातेवाइकांशी असलेले धागे पुष्कळदा कायमचे तुटत, आणि भुकेल्या मुलाला अन्नाबरोबर धर्मही दिला जातो तेव्हा त्याच्या संमतीला किती अर्थ उरतो, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता आणि आजही तो रास्त आहे. तरुण संघांच्या आजच्या कामाचे मूल्यमापन करताना हा आक्षेप पुन्हा उपयोगी पडतो.

स्वतंत्र तरुण संघाची कल्पना मात्र वऱ्हाडाबाहेरून आली. लंडनमधील कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या बावीस वर्षांच्या तरुणाने ६ जून १८४४ रोजी आपल्यासारख्याच खेड्यांतून शहरात आलेल्या, दुकानाच्या माळ्यावर झोपणाऱ्या आणि रविवारी कोठे जावे हे न कळणाऱ्या मुलांसाठी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वायएमसीए, सुरू केली. ती १८५७ मध्ये कलकत्त्याला आणि १८७५ मध्ये मुंबईला पोहोचली. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ अनुक्रमे १८९१ आणि १८९५ मध्ये याच संस्थेच्या अमेरिकेतील शाखांशी संबंधित शिक्षकांनी शोधून काढले, त्यामुळे खेड्यातील शाळेच्या मैदानावर दोन बांबूंना जाळे बांधून व्हॉलीबॉल खेळणारी मुलेही नकळत या चळवळीचीच एक देणगी वापरत असतात.

लहान मंडळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा नमुना दुसरा आहे. अमेरिकेतील मेन राज्यातील पोर्टलंड या गावी फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने २ फेब्रुवारी १८८१ रोजी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ नावाचा संघ स्थापन केला. त्याच्या मंडळीत नुकताच काही मुलामुलींनी श्रद्धेचा निर्णय घेतला होता, आणि त्याला चिंता अशी होती की मोठ्यांच्या सभेत गप्प बसून ही मुले वर्षभरात विझून जातील. त्याने काढलेला उपाय त्या काळासाठी धाडसी होता. संघाच्या प्रार्थनासभेत प्रत्येक सभासदाने काहीतरी बोललेच पाहिजे, मग ते एखादे वचन वाचणे का असेना, आणि प्रत्येकाने एखाद्या समितीत काम केलेच पाहिजे: कोणी नव्या मुलांना शोधून आणावे, कोणी आजाऱ्यांना भेटावे, कोणी सभेची जागा लावावी. काही वर्षांतच ही पद्धत जगभर पसरली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतूनही असे संघ निघाले. क्लार्कच्या कल्पनेचे मर्म असे की, मुलाला आपलेपणा प्रवचनाने मिळत नाही, तो कामाने मिळतो. ज्या दिवशी मुलगा आला नाही म्हणून सतरंजी अंथरायची राहिली, त्या दिवशी तो त्या मंडळीचा झालेला असतो.

ही गोष्ट बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात विशेष लागू पडते, कारण तेथील मंडळी लहान असते. मोठ्या शहरातील चर्चमध्ये वादकांचा स्वतंत्र संच, ध्वनियंत्रणा सांभाळणारे जाणकार आणि मुलांच्या वर्गासाठी प्रशिक्षित शिक्षक असतात, आणि चौदा वर्षांच्या मुलाने करावे असे तेथे फारसे काही उरत नाही. लहान मंडळीत पेटी वाजवणारा एखादाच असतो आणि ढोलकी कोणाला तरी शिकावीच लागते. रविवारच्या शाळेत, म्हणजे उपासनेआधी लहान मुलांना बायबलमधील गोष्टी शिकवणाऱ्या वर्गात, नववी-दहावीतील मुलीच शिक्षिका होतात. मे महिन्यात ‘सुट्टीतील पवित्र शास्त्र शाळा’ भरते तेव्हा चित्रे रंगवणे, गाण्यांचे हातवारे शिकवणे, सरबत वाटणे ही कामे तरुण संघावर येतात. डिसेंबरात घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणण्याच्या फेऱ्या, गोठ्याचा देखावा आणि नाताळचे नाटक, आणि पुढे उत्तम शुक्रवारच्या व पुनरुत्थानदिनाच्या पहाटेच्या उपासनेची तयारी, हेही त्यांच्याच वाट्याला येते. वर्षभराच्या या चक्रात बुजऱ्या मुलालाही मेंढपाळाची दोन वाक्ये बोलावी लागतात, कारण दुसरा मेंढपाळ उपलब्ध नसतो. लहान मंडळीची गरिबी ही अशा मुलाची संधी असते, आणि पैसा आल्यावर ही कामे मुलांकडून काढून घेण्याचा मोह मंडळ्यांनी टाळावा असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

मानसशास्त्रातील संशोधनही याच दिशेने जाते. रॉय बाउमायस्टर आणि मार्क लीरी या अमेरिकन संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, आपलेपणाची गरज ही माणसाची मूलभूत प्रेरणा आहे आणि ती भागण्यासाठी दोन अटी लागतात: माणसांशी वरचेवर आणि सुखद संपर्क, आणि तो संपर्क टिकाऊ नात्याच्या चौकटीत होणे. यातील पहिली अट मोबाइल फोन काही प्रमाणात भागवतो, दुसरी त्याला भागवता येत नाही. मिनियापोलिस येथील सर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने मुलांच्या निरोगी वाढीसाठी लागणाऱ्या चाळीस आधारांची यादी तयार केली, आणि त्यांतील एक आधार असा की मुलाला आईवडिलांखेरीज किमान तीन प्रौढ माणसांचा पाठिंबा असावा. हे तीन प्रौढ कोठून येणार? वाड्यातील काका, आत्या आणि शेजारची आजी ते काम पूर्वी आपोआप करीत; शेती तोट्यात गेल्याने वडील परगावी कामाला आणि आई दिवसभर मजुरीला, अशा घरात ते आता होत नाही. तरुण संघातील नोकरी करणारा दादा, रविवारच्या शाळेतील ताई आणि पाळकांच्या पत्नी यांनी ती संख्या भरून निघते, आणि मंडळी काही विशेष योजना न आखताच हे साधते, हे तिचे खरे बळ आहे.

घरातील ताणाचा उल्लेख येथे पुरेशा गांभीर्याने झाला पाहिजे. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्या सहांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा यांच्याबरोबर बुलढाणाही होता. कर्ज, कापूस-सोयाबीनचे भाव आणि पाऊस यांची चर्चा पुष्कळ झाली. त्या घरांतील पंधरा वर्षांच्या मुलांच्या मनात काय साठत गेले याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील दहा ते एकोणीस वयोगटातील दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. ही मुले आपण होऊन दवाखान्यात जात नाहीत. ती आधी अभ्यासातून, मग खेळातून आणि शेवटी बोलण्यातून हळूहळू अंग काढून घेतात, आणि हे मागे सरणे ज्याला दर आठवड्याला दिसते असे कोणी असेल तरच ते वेळेवर लक्षात येते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत अशा आपलेपणाचे सर्वांत सुंदर उदाहरण एखाद्या संघाचे नसून एका घराचे आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा बुलढाण्याला लागून असलेल्या खानदेशातील, धरणगावी जन्मलेला मुलगा, १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणून ‘बालकवी’ ठरला. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. शिक्षण अर्धवट, घरची परिस्थिती ओढगस्तीची आणि स्वभाव पराकोटीचा हळवा व उदास, अशा या मुलाला अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी आपल्या घरात ठेवून घेतले. टिळक स्वतः १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती, ठोंबरे हिंदू आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिलेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा मुलगा रुसतो, भांडतो, निघून जातो आणि परत येतो, आणि प्रत्येक वेळी ताटात त्याचा वाटा असतो. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अकाली अंत झाला, त्यामुळे या घराने त्याला वाचवले असे म्हणता येत नाही. परंतु मराठी निसर्गकवितेतील काही श्रेष्ठ रचना करण्याइतका निवारा त्याला लाभला, त्यात या घराचा मोठा वाटा आहे. आपलेपणाला धर्मांतराची अट नसावी, हे या घराने कोणताही सिद्धांत न मांडता दाखवले. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ या नावाने जे बंधुमंडळ काढले, त्यातही बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत अशी त्यांची कल्पना होती.

टिळकांचा आणखी एक उपयोग आजच्या तरुण संघांना आहे. ख्रिस्ती म्हणजे परके, विलायती, अशी समजूत ज्या वर्गात असते तेथे ख्रिस्ती मुलाचे मराठीपण सतत संशयाखाली राहते, आणि टिळकांचे अभंग व भजने हे त्या संशयाला मिळालेले भक्कम उत्तर आहे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. अलीकडे यूट्यूबवरील हिंदी आणि इंग्रजी गीतांनी तरुण संघांत जागा मिळवली आहे, गिटार आणि कीबोर्ड आले आहेत, आणि त्यात गैर काही नाही; मात्र शेगावच्या पालखीबरोबर टाळ वाजवणाऱ्या मित्राला आपल्या मंडळीतही अभंग गायला जातो हे सांगता येणे ही पंधरा वर्षांच्या मुलासाठी लहान गोष्ट नाही. संघाने प्रत्येक सभेत एक तरी अभंग पेटी-टाळासह म्हणावा.

ओळखीचा दुसरा पेच कायद्याने निर्माण केलेला आहे. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळे महार आणि मांग या समाजांत आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्मीयांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळत होता. त्यात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. परिणामी दहावीच्या सुमारास जातीच्या दाखल्याचा आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न येतो तेव्हा घरात ज्या गोष्टींवर बोलणे टाळले जात होते त्या एकदम पुढ्यात येतात: उपासनेत एक ओळख, कागदावर दुसरी, आणि बौद्ध चुलतभावाला जे मिळते ते आपल्याला का नाही हा प्रश्न. याविषयी मोकळेपणाने आणि वस्तुस्थितीला धरून बोलणारी जागा मुलाला तरुण संघातच मिळू शकते, आणि वडीलधाऱ्यांनी हा विषय अडचणीचा म्हणून टाळला तर मुलाला त्याचे उत्तर लाजेत किंवा खोटेपणात शोधावे लागते.

तरुण संघ कोठे चुकू शकतात हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पहिला धोका आजाराला श्रद्धेची उणीव समजण्याचा. सैलानीच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत मानसिक त्रासाने पिडलेल्या माणसांना घेऊन सर्व धर्मांची कुटुंबे येतात, यावरून या भागात मनाच्या दुखण्यासाठी पहिली धाव कोठे घेतली जाते हे दिसते. ख्रिस्ती वर्तुळांतही भूत काढण्याच्या आणि आरोग्यदानाच्या सभांकडे तशीच धाव घेतली जाते. प्रार्थनेने धीर येतो हे श्रद्धावंताचे म्हणणे मान्य करूनही, नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणे ही क्रूरता आहे, कारण आधीच स्वतःला दोष देणाऱ्या मनावर त्यामुळे देवाच्या नावाने आणखी एक दोष लादला जातो. ज्या दादा-ताईंवर संघाची जबाबदारी आहे त्यांना निदान एवढे माहीत असावे की, मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत-जेवत नसेल, सर्वांपासून तुटत चालला असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याच्या पालकांसह त्याला डॉक्टरकडे न्यायचे असते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे.

दुसरा धोका लहान मंडळीच्या लहानपणातून येतो. जेथे सगळे सगळ्यांचे असतात तेथे गुपित टिकत नाही, आणि शनिवारी प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेली घरातील गोष्ट रविवारी चहाच्या वेळी चर्चेची होते. असा अनुभव एकदा आलेला मुलगा पुन्हा बोलत नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिक जाचक ठरते, कारण तरुण संघातील साध्या मैत्रीचाही बोभाटा होऊन मुलीचे येणे बंद होते आणि मुलग्याचे चालू राहते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा, मंडळीलाही लागू आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे त्यात बंधनकारक आहे; शिबिराला मुले नेताना पालकांची लेखी संमती, मुलींबरोबर जबाबदार स्त्री आणि कोणत्याही मुलाबरोबर कोणत्याही प्रौढाने बंद खोलीत एकटे न राहणे हे नियम साधे आहेत, आणि ते पाळण्यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही.

तिसरा प्रश्न इतर धर्मांच्या मुलांचा. व्हॉलीबॉलसाठी, गिटारसाठी किंवा केवळ मित्राबरोबर म्हणून हिंदू, बौद्ध, मुस्लिम मुले तरुण संघात येऊन बसतात आणि त्यांतील एखादा घरच्या भांडणाला कंटाळून वारंवार येऊ लागतो. अशा मुलाला दार उघडे असावे, पण त्याच्या पालकांना ते ठाऊक असावे, आणि अज्ञान वयात त्याच्या एकटेपणाचा उपयोग धर्मांतरासाठी होता कामा नये. दुष्काळातील अनाथालयांवर घेतला गेलेला आक्षेप याच जागी पुन्हा उभा राहतो. त्या वेळी भूक अन्नाची होती, आता ती आपलेपणाची आहे, आणि दोन्ही भुका सारख्याच असहाय करतात. टिळकांच्या घरातील ठोंबऱ्यांचे ताट या बाबतीत पुरेसे मार्गदर्शक आहे.

यापेक्षाही अवघड असा एक प्रश्न उरतो, आणि त्याकडे मंडळ्यांचे लक्ष सर्वांत कमी आहे. तरुण संघ मुलाला जे देतो ते दहावी-बारावीपर्यंत टिकते. मग मुलगा अकोल्याला शिकवणीसाठी, पुण्याला अभियांत्रिकीसाठी किंवा एखाद्या कारखान्यात कामासाठी जातो, आणि ज्या गावात त्याच्या गैरहजेरीने सतरंजी अंथरायची राहत होती तेथून तो अशा गावात पोहोचतो जेथे त्याच्या असण्यानसण्याने कोणाचेच काही अडत नाही. जॉर्ज विल्यम्सने १८४४ मध्ये लंडनच्या माळ्यावर पाहिलेले एकटेपण हेच होते. मोताळ्याच्या किंवा मेहकरच्या मुलाला पुण्यातील भल्यामोठ्या चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून कोणाशीही न बोलता परत जाणे सहज शक्य असते, आणि दोन-तीन रविवारांनंतर तो जाणेच सोडतो. कॉलेजातील अपयश, पैशांची चणचण आणि घरच्यांना काही न सांगण्याचा हट्ट या सगळ्यांशी तो याच काळात एकट्याने झुंजत असतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू होतात तेव्हा जिल्ह्यातील प्रत्येक मंडळीच्या वडील मंडळाने गाव सोडून जाणाऱ्या मुलामुलींची यादी करावी, ती ज्या गावी जाणार तेथील मंडळीच्या पाळकांशी पालकांच्या संमतीने बोलून ठेवावे, मूल काय करू शकते, म्हणजे ढोलकी वाजवते की लहान मुलांना शिकवते, हे त्यांना आवर्जून कळवावे, आणि नव्या गावातील तरुण संघापैकी कोणीतरी पहिल्या रविवारी त्याला वसतिगृहावरून उपासनेला घेऊन जायला यावे.